माह्या वाट्याचा द्रोण

झरी, शनिवार, १२ एप्रिल १९५८

आज सोमाकडे गेलतो. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली, दारू सोडली, तेव्हापासून पहिल्यांदाच. आधी दरवर्षी मोहाची पहिल्या धारेची आम्ही दोघं त्याच्याच अंगणात प्यायचो.

त्यानं सवयीनं पळसाचे दोन द्रोण भरले. आपल्या द्रोणातले चार थेंब चुलीजवळ मातीत सोडले, घरच्या मेलेल्या माणसांसाठी. सोमाच्या लोकांत आधी मेलेल्यांना, मंग आपण. दुसरा द्रोण माह्यापुढं केला.

"सोमा, मले नको. मी सोडली."

"एक घोटही नाही?"

"नाही."

रागावला नाही. रागावला असता तं बरं झालं असतं. त्यानं तो द्रोण उचलला आणि चुलीजवळ, त्याच ओल्या जागी, अख्खा ओतून देला.

"तुह्या वाट्याची दुसऱ्या कोणाले कशी देऊ?" एवढंच म्हणाला आणि एकटाच पेत बसला.

सोडल्याचा पस्तावा नाही, खरंच नाही. मंग काहून जीव लागत नाही? ती ओली जागा डोळ्यापुढून जाईना. सोमाच्या मनात काही नसेलही. पण तिथं तो फक्त मेलेल्यांच्या नावानं ओतते.

अन् मी तं समोरच बसून होतो.