गाळ काढू नका

१९ ऑगस्ट
घराच्या विमा पॉलिसीचा हप्ता भरायचा का नाही, यावरून सकाळी सकाळीच वाजलं. हे म्हणे, मागच्या वर्षी तोंडाले पानं पुसली त्यांनी, पुन्हा काहून भरायचे? मी म्हटलं, भरा. दोन्ही शिलाई मशिनी समोरच्या खोलीत, अन् घराच्या मागे भिंत सोडली की नदी. ह्यांची पेन्शन औषधातच जाते. घर पिको-फॉलवर चालतं, हे त्यांनाही माहीत आहे, फक्त बोलायचं नसतं.
नदी आपलं म्हणायचं म्हणून. वास मारते तेव्हा नाला, घरात शिरते तेव्हा नदी.
भरला हप्ता.

२१ ऑगस्ट
एजंट पावती देऊन गेला. तरुण आहे, चहा घेतो, घाईत नसतो. त्याच्यासमोर मागच्या वर्षीचं सगळं पुन्हा निघालं. म्हणजे मीच काढलं.
मागच्या वर्षी पाणी गुडघ्यापर्यंत आलं ते नेमकं महालक्ष्म्यांच्या तोंडावर. आमची सगळी खालची ओळ झाडू-खराटे घेऊन भिडली. गाद्या फेकल्या, फरश्या फिनाईलनं घासल्या, भिंतींना चुना मारला. घरात देवी येणार, गाळात कशी येईल? अन् विमा कंपनीचा सर्व्हेवाला उगवला तो बरोबर पूजनाच्या दिवशी. घरं कशी लख्ख. त्याला प्रत्येक घरी आग्रह. पुरणपोळी खाल्ली, माझ्याकडे तर आंबील दोनदा मागून घेतली, अन् लिहून गेला की नुकसान दिसून आले नाही. मोबाईलमधले फोटो दाखवले तर म्हणे, हे कोणाचंही घर असू शकते. गादीपुरते पैसे आले.
एजंट ऐकून हसला. म्हणे, "काकू, यंदा पाणी आलं तं गाळ काढू नका."
शुभ बोल रे बापा, म्हटलं.

२४ ऑगस्ट
महालक्ष्म्यांची पेटी काढली. मुखवटे चिंचेनं घासले. धाकटीच्या नाकाजवळ थोडं काळं राहतंच, दरवर्षी. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच माझ्या हातात दिले होते. मोठी तू, तुझ्या घरी बसतीन, म्हणाल्या होत्या. मला तेव्हा धड पुरण वाटता येत नव्हतं.
माधुरीचा फोन. माझी धाकटी जाऊ, बेसाला फ्लॅट घेतल्यापासून तिचं एकच, "ताई, एखाद वर्ष आमच्याकडे बसवू नं." हसण्यावारी नेलं. तिलाही माहीत आहे, एखाद वर्ष असं आमच्यात नसतं. महालक्ष्म्या एकदा दुसऱ्या घरी बसल्या की त्या घरच्या झाल्या, परत आणत नाहीत. सासूबाईंच्या चुलत जावेच्या अशाच अडचणीत मौद्याला गेल्या. तिथल्याच झाल्या.
मुखवटे फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले, पेटी पुन्हा कपाटावर चढवली.

२७ ऑगस्ट
शेजारी लांजेवारबाईंकडे गणपती बसला. आरतीला गेले तर कोणाचं लक्ष आरतीत नाही, सगळे कान पावसाकडे. लांजेवारबाई दोनदा पुलावर जाऊन पाहून आल्या. अजून हातभर खाली आहे म्हणे.
पीठं दळून आणली. सोळा भाज्यांपैकी निम्म्या आत्ताच महाग. पडवळ मिळत नाही.

२९ ऑगस्ट
आलं.
काल संध्याकाळी आधी मोरीच्या जाळीतून, मग दारातून. मी पेटी डोक्यावर घेतली, ह्यांनी औषधं अन् कागदं. पेटी लांजेवारांच्या जिन्यात ठेवून परत आले तेव्हा पाणी मांडीला. दोघांनी मिळून एक मशीन टेबलावर चढवली, तर टेबलच कलंडलं. दुसरीला हातही लावता आला नाही. हे म्हणत होते सोड वं, सोड, अन् मी सोडतच नव्हते. शेवटी ओढत नेलं मला.
सकाळी पाणी उतरलं. घोट्याच्या वर गाळ. फ्रिज आडवा. मुखवटे ज्यांच्यावर चढवून साड्या नेसवतो त्या महालक्ष्म्यांच्या कोठ्या पलंगाखाली होत्या, त्या दिसतच नाहीत. मशीन टेबलाखाली पालथी, सुईची बाजू गाळात.
परवा त्या यायच्या.
ह्यांनी एजंटला फोन केला. आजच.

३० ऑगस्ट, शनिवार
सर्व्हेवाल्याचा फोन आला, मागचा नाही, दुसरा. बोलायला बरा आहे. म्हणे, "ताई, काही हलवू नका, काही धुवू नका. जसं आहे तसं पाहू द्या मले." फोटो काढून ठेवू का विचारलं, तर फोटोवर होत नाही. स्वयंपाकघर तेवढं धुवू का? नको. येता कधी? आज दुसऱ्या वस्तीत, उद्या रविवार, सोमवारी दुपारून.
सोमवारी पूजन आहे हो, म्हटलं.  म्हणे, माझ्या हातात तेवढंच आहे.
गच्चीवर बसवाव्या म्हटलं तर पाऊस उघडत नाही, वर साधा पत्राही नाही. लांजेवारबाई म्हणाल्या आमच्याकडे आणा. पण त्यांच्याच बसतात, अन् दुसऱ्या घरी म्हणजे दुसऱ्या घरीच.
सकाळपासून ओळीत खराटे चालू आहेत. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. मधे आमचं घर गप्प. लांजेवारबाई पदर खोचून दारात आल्या. "येडी झाली का वं? देवी उद्यावर आली अन् तू गाळ राखून राहिली?" काय सांगू. खराटा माझ्याही हातात होता. उंबऱ्याजवळचा थोडा ओढलाही, ह्यांनी हात धरला.
मग भांडण. ह्यांनी मला न विचारता बेसाला फोन करून, यंदा तिकडे बसवा म्हणून सांगितलं होतं. मी नाही नाही ते बोलले. तुमच्या आईनं मुखवटे तुमच्या हातात नाही दिले, माझ्या हातात दिले, इथपर्यंत बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "मशिनी गेल्या तं तू काय करशीन, सांग मले."
मी खराटा भिंतीला टेकवून ठेवला. त्यांचं बरोबर होतं, अन् त्याचाच जास्त राग आला.

३१ ऑगस्ट
भाऊजी गाडी घेऊन आले. गल्लीत गाडी शिरत नाही, कोपऱ्यावर उभे राहिले. ह्यांचे धाकटे भाऊ, पण आज माझ्याकडे बघत नव्हते. मी लांजेवारांच्या नळावर पाय धुतले, पेटी घेतली, अन् चालत निघाले. चार पावलं होत नाहीत तर पाय पुन्हा गाळात. ओळीतल्या बायका दारात रांगोळ्या काढत होत्या. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
दरवर्षी आजच्या दिवशी मी त्यांना आत आणते. हळदीकुंकवाच्या पावलांवरून, लक्ष्मी आली म्हणत, सगळ्या खोल्या दाखवत. हे स्वयंपाकघर, हे देवघर, ही माझी मशीन. यंदा बाहेर घेऊन गेले.
बेसाला लिफ्टच्या दारापासून पावलं काढली होती माधुरीनं. नवीन कोठ्या, नवीन साड्या, लायटिंग. सुंदर केलं होतं. खोटं काहून लिहू.

१ सप्टेंबर
पूजन. सकाळपासून ताई हे कसं, ताई ते कसं. साडी मीच नेसवली, तिला निऱ्या जमत नाहीत. वर टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा मीच बांधला. पुरण मीच वाटलं. म्हणजे सगळं मीच केलं, फक्त घर माझं नव्हतं.
गुरुजींनी संकल्पाला नाव विचारलं. भाऊजींनी आपलं सांगितलं. त्यात चूक काय? घर त्यांचं, यजमान ते. पण इतक्या वर्षांत त्या जागी दुसरं नाव कधी ऐकलं नव्हतं. मी उठून आत पाणी प्यायला गेले.
जेवायला मला सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं. माधुरी वाढत होती. चांगलं वाढते. मी आजवर कधी महालक्ष्म्यांच्या जेवणाला पहिल्या पंगतीत बसले नव्हते. 
हे तिकडे घरीच. प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय वर घेऊन, सर्व्हेवाल्याची वाट पाहत. चारला फोन आला. आला होता म्हणे, सगळं पाहिलं, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजली, मशिनी पाहिल्या, असंच ठेवायले पायजे होतं म्हणाला. किती खुशीत बोलत होते. बऱ्याच दिवसांनी आवाज तसा ऐकला. मग म्हणे, पुरण आणशीन नं माझ्यासाठी?
हो म्हटलं. माधुरीच्या बाल्कनीत जाऊन रडले. कोणी पाहिलं नाही. 

३ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. मुखवटे उतरवून मी सवयीनं पेटीत ठेवले, पेटी सवयीनं उचलली. माधुरी दारात उभी होती.
"ताई, राग नका येऊ देऊ. पेटी इथंच ठेवता का? तिथं परत पाणी येईन, मग पुन्हा हेच."
वाईट बोलायची नाही ती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिला हव्या आहेत म्हणून म्हणते का काळजीनं म्हणते, हे मला कळलं नाही. तिलाही कळलं असेल का कोण जाणे. मी म्हटलं, बघू. अन् पेटी खाली ठेवली. एवढंच झालं.
आज गाळ काढला. इतक्या दिवसांत असा वाळला की खराट्यानं निघेना, फावडं आणावं लागलं. हे मधे मधे बसत होते, धाप लागते.
संध्याकाळी लांजेवारबाईंकडे हळदीकुंकू. त्यांचं घर लख्ख. सर्व्हेवाला त्यांच्याकडेही गेला होता, मागच्यासारखंच नुकसान दिसून आले नाही लिहून गेला. कपाट कुजलंय, फ्रिज बंद आहे, काही मिळायचं नाही. मला वाटलं रडतील. ओटी भरता भरता म्हणाल्या, जाऊ दे वं, बसल्या नं घरात.
माझ्याकडे बघून मग जीभ चावली त्यांनी.

१८ सप्टेंबर
कंपनीकडून काही नाही. एजंट म्हणतो फाईल पुढं गेली.
बायका साड्या घेऊन येतात, परत जातात. हातानं फॉल लावून देते म्हटलं तर एवढा वेळ कोणाला आहे. धरमपेठेतल्या एका दुकानानं काम काढून घेतलं. डोळे दुखतात. पावसाची नुसती सर आली तरी हे मोरीच्या जाळीपाशी जाऊन उभे राहतात. 
कपाटावर पेटीची जागा रिकामी आहे. तिथं मी डाळीचे डबे ठेवले. नंतर काढले.

२ ऑक्टोबर
दसरा. यंत्राची पूजा करायची तर यंत्र कुठाय? कात्रीला हळदकुंकू लावलं.
ह्यांनी विषय काढला, की पैसे आले तर हे घर भाड्यानं देऊन आपणही बेसाकडे एखादी खोली पाहू. कोण घेणार भाड्यानं, म्हटलं. सगळ्या नागपूरला माहीत आहे इथं पाणी शिरतं. ते उठून गोळी घ्यायला गेले. मग मलाच वाईट वाटलं. जायचं नाही असंही मी म्हटलं नाही.

१२ ऑक्टोबर
पैसे आले. जवळजवळ पूर्ण. ओळीत फक्त आमचे. कोणाला सांगायची लाज वाटली, तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. दोघीतिघी विचारून गेल्या की तुम्ही काय केलं. काही केलं नाही, म्हटलं. खरंच आहे, काहीच केलं नाही, तेच केलं.
मशीन घेतली. मोटर अशी चालते की पाय नुसता टेकवायचा. ही विटांवर लाकडी फळ्या टाकून उंच ठेवली. हे मुलासारखे बघत बसले होते.
माधुरीचा फोन आला. खूप आनंद झाला म्हणे, अन् खरंच झाला होता, आवाजावरून कळतं. मग म्हणाली, पहिलं काम माझं घ्या. पुढच्या वर्षीसाठी महालक्ष्म्यांच्या दोन साड्या शिवून द्या, तयार, नुसत्या चढवायच्या. मला निऱ्या जमत नाहीत, तुम्हाले माहीत आहे. जरीचं कापड तिनं भाऊजींसोबत लगेच पाठवलं. हिरवं अन् जांभळं. चांगलं आहे कापड, चांगली नजर आहे तिची.
शिवायचं म्हणजे कोठीच्या उंचीवर बेतायचं. तिच्या नवीन कोठ्या उंच. आमच्या गाळातून निघाल्या त्या बुटक्या. घासून, तेल लावून मागच्या भिंतीशी उभ्या केल्या आहेत. तिच्या मापानं शिवलं तर आमच्या कोठ्यांवर लोळतील. आमच्या मापानं शिवलं तर तिच्या कोठ्यांचे पाय उघडे पडतील. असं दोन्हीकडे चालेल असं माप नसतं.
हे विचारून राहिले, काय बसली अशी, सुरू कर नं.
टेप गळ्यात आहे. कापड मशीनवर पसरलंय. अजून कात्री लावली नाही.