आजीचा उजवा प्रसाद

५ जानेवारी २०२५, मये

परवा सकाळी आजी गेली. एक्याण्णव वर्षं! आणि आज चहा टाकताना मी तिचाही कप काढला. साखरही घातली, तीन चमचे. वहिनीने बघितलं आणि साखरेचा डबा उचलून ठेवला. शेवटी तो चहा मीच प्यायले. गोड मिट्ट!

बाबा ओसरीवर बसून येईल त्याला एकच सांगतात, "आयेक देवान कधी डावो दिलो नाय. सगळो जलम उजवो!"

माझा प्रसाद मात्र घ्यायचा राहिला. बावीस तारखेच्या आत वास्कोच्या एजंटला कळवायचंय — जहाजावरच्या बेकरीत नऊ महिन्यांचं काम, येतेस की नाही. आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय कुणी म्हैससुद्धा विकत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, आपण गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पडली तर जा, डावीकडची पडली तर गप घरी बस. आजी म्हणाली होती, "सोमवारी मीच येतंय तुझ्यावांगडा." कसली येतेस! आता सुतक फिटेपर्यंत देवळाची पायरी चढायची नाही.

७ जानेवारी

दुपारी डोळा लागला. आजी तळ्याच्या काठाने चालत आली. काष्टा मारलेला, पोटऱ्यांपर्यंत ओली. म्हटलं, कुठून आलीस गो? "पलतडसून," म्हणाली, जशी काही बाजारातून आलीय. मग माझ्या पावाच्या पिठाच्या परातीत बोट बुडवून बघितलं. "आंबला नाय अजून," म्हणाली आणि गेली.

पलतडची, नदीपलीकडची, गोष्ट मला तोंडपाठ आहे. पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य होतं, सरहद्द बंद. आजोबा बेळगावात विषमज्वराने पडलेले. आजी बावीस वर्षांची, बाबा नऊ महिन्यांचे. पेडण्याला माहेरी जाते असं नाक्यावरच्या शिपायांना सांगून निघाली, आणि पहाटे भावाच्या होडीतून तेरेखोलची नदी ओलांडली! बाबा पाठीला बांधलेले. रडतील म्हणून त्यांच्या तोंडात गुळाच्या पाण्यात बुडवलेला उंड्याचा, म्हणजे कडक पावाचा, तुकडा. मधोमध आल्यावर काठावर शिपाई दिसला. आजीने त्याला हात केला. त्यानेही केला!

बाबा अजून उंडो गुळाच्या पाण्यात बुडवून खातात. सत्तरी आली तरी.

८ जानेवारी

तिच्या उशीला अजून खोबरेल आणि तंबाखूचा वास आहे. वहिनीला सांगितलंय, अभ्रा धुवायचा नाही म्हणजे नाही.

११ जानेवारी

सुर्ल्याहून एक म्हातारा आला होता. आनंदा नाव, मूळचा चंदगडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. ओसरीवर बसला आणि ढसाढसा रडला. "मावशीनं आम्हास्नी जगवलं बघा."

आजोबा गेल्यावर आजीने सुर्ल्याला खाणीच्या रस्त्यावर झोपडी टाकली. चहा, पातळ भाजी, उंडे. लाल धुळीने लुगडं असं व्हायचं की मूळ रंग कुठला ते तीच विसरली. उंडे यायला उशीर होतो म्हणून चाळिसाव्या वर्षी टेम्पो शिकली! शिकवणारा हाच आनंदा. पहिल्याच दिवशी तिने टेम्पो शेणाच्या उकिरड्यात घातला आणि त्यालाच दटावलं, "रस्तो हयसर वळता ता आधी सांगूक नको?"

हे सांगताना आनंदा हसायला लागला, मग मी, मग बाबाही. सुतकाच्या घरात आम्ही तिघं खदाखदा हसत होतो. भाऊ देवेश आतून बघायला आला, काय झालं म्हणून.

१३ जानेवारी

पहाटे तळ्यावर धुकं होतं, पलीकडची झाडं दिसत नव्हती. कितीतरी वेळ उभी राहिले. मला वास्को स्टेशन आठवत होतं. मी दहा-अकरा वर्षांची, आजी पासष्टची, एक पिशवी घेऊन एकटीच हरिद्वारला निघाली होती. बाबा गाडीच्या खिडकीशी तोंड फुगवून उभे. पण बोलणार काय? प्रसाद उजवा होता ना! पंधरा दिवसांत येते म्हणाली आणि तीन महिन्यांनी आली. अंगात कुणीतरी दिलेला पुरुषी स्वेटर, तोंडात हिंदी. मला म्हणाली, "जग लय मोठा आसा गो बाय. बघून येवक होया."

१५ जानेवारी

तेरावा झाला. पंगत उठल्यावर बाबांनी विषय काढला. "उजवो पडलो तर मी स्वतः तुका वास्कोक पोचवतलंय. डावो पडलो तर परत नाव काढूचा नाय."

मला जायचंय. फार जायचंय. सदतीस वर्षांत मी बेळगावच्या पुढे गेले नाही. आणि भीतीही वाटते. मी काही आजी नव्हे, देव माझे लाड कशाला करील?

२० जानेवारी, दुपार

बाबांचे गुडघे धरलेत, देवेश कामावर. एकटीच गेले.

गाऱ्हाणं घालून झालं, गुरव हात जोडून मागे सरला. मी पाकळ्यांवरच डोळे लावले. आणि पडली. डावीकडची. टपकन! विचारसुद्धा केला नाही देवाने!

गुरवाने पाकळी हातात दिली. सभामंडपात बसून मी लहान पोरासारखी रडले. गुरवाची आई शालिनीकाकी माळा ओवत होती. पंच्याऐंशीची असेल. जवळ सरकली.

"रडतंस कित्याक? तुझ्या आजयेक तीनय खेपा डावोच पडललो."

मला आधी कळलंच नाही.

"पयल्या खेपेक, बेळगावाक जाताना, मी नवी नवरी, फुलांचा ताट धरून हयसरच उभी. तिणा पाकळी केसात खोवली, आणि देवाक म्हणाली — तुझा आयकलंय. आता मी जातंय, तू पाठसून ये. घराकडे जावन सांगलान, उजवो म्हणून. माका म्हणाली, तू काय बघूक नाय हां शालिनी! सुर्ल्याक जाताना तेच, हरिद्वाराक जाताना तेच."

"आणि देव कोपला नाही?"

"कोपलो आसतो तर तुझो बापूस त्या नदीतसून पार झालो आसतो?"

२० जानेवारी, तिन्हीसांजा

देवळाच्या पायऱ्यांवरूनच वास्कोला फोन केला. येते म्हणून.

बाबा ओसरीवर वाट बघत होते. माझ्या केसांतल्या पाकळीकडे बघितलं. "काय दिलान गो देवान?"

"उजवो."

त्यांनी डोळे पुसले. "आयेसारखोच," म्हणाले.