विधेयक वाचून होईपर्यंत

२ डिसेंबर, सकाळ
नवी वही. आधी सगळ्यांची तब्येत. मुलगा शंतनु कसा आहे? मान धरली आहे, लॅपटॉपचा प्रताप. सूनबाई निधी? ॲसिडिटी. नातू निहार? दात पडला, खुशीत आहे. पार्कातला दोस्त त्रिविक्रम? बीपी. स्वभावाला औषध नाही. मी? झकास. महानंदा? उत्तम. जरा दमते, पण थंडी आहे.

काल पार्कात आम्हा म्हाताऱ्यांची जुंपली. सरकारनं नव्या आरोग्य विधेयकाचा मसुदा काढलाय, विटेएवढा. लोकांकडून हरकती मागवल्यात. त्रिविक्रम म्हणाला, गरिबाला मारायचा डाव आहे. नंदू म्हणाला, उलट हॉस्पिटलवाले सुतासारखे सरळ होतील. मी विचारलं, बाबांनो, वाचलंय कुणी? त्रिविक्रम म्हणाला, व्हॉट्सॲपवर सारांश आलाय.

मी उठून उभा राहिलो. जाहीर केलं, इथल्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात हा दत्ताण्णा अख्खं विधेयक मराठीत समजावून सांगणार. टाळ्या. त्रिविक्रमच्या जरा कमी.

शाळा सुटली तरी लेथवर उभा राहून, डब्याखालचा पेपर वाचत इंग्रजी शिकलेला माणूस आहे मी. एक सूत इकडंतिकडं होऊ दिलं नाही कधी. विधेयक ते काय!

३ डिसेंबर
खालच्या झेरॉक्सवाल्या शिवाप्पाकडून प्रिंट काढून घेतली. तो म्हणाला, अण्णा, एल्ला बेका? सगळंच पाहिजे? स्वल्प स्वल्प काढू की. म्हटलं, एल्ला.

महानंदा म्हणाली, अहो, कन्नडमधलं पण निघालंय म्हणे. तेच आणायचं होतं की. मी दाखवलं असतं वाचून. तिची शाळा चिकोडीची, कन्नड. मराठी बोलते, लिहीत नाही. मी कन्नड फडाफड बोलतो, पण ती अक्षरं म्हणजे जिलब्या. शिकायचं राहिलं. इतक्या वर्षांत बसच्या पाट्या तीच वाचत आली. म्हटलं, मूळ ते मूळ.

निश्चय: रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचन. श्रोता महानंदा.

९ डिसेंबर
व्याख्यांचं प्रकरण चालू आहे. कायद्यात आधी रुग्ण म्हणजे कोण, ते ठरवावं लागतं. महानंदानं विचारलं, त्याला एवढी पानं? तोंड बघून कळत नाही होय? हसलो. कायद्याचं डोकं वेगळं असतं, समजावलं तिला.

१४ डिसेंबर
महानंदाला गोडी लागली! वाचन संपलं तरी खुर्चीतून उठत नाही. पाठीला उशा लावून रात्रभर तशीच बसते. झोपायला चल म्हटलं तर म्हणते, आडवं नको वाटतं, तुम्ही वाचा. मंडळातले लोक भाषणात डुलक्या काढतात. असा श्रोता भाग्यानं मिळतो.

१८ डिसेंबर
हल्ली माझ्याच चपला घालून हिंडते. तिच्या घट्ट होतात म्हणे. बनशंकरीच्या बाजारात नव्या घेऊ म्हटलं, तर म्हणाली, तुमच्याच बऱ्या. या वयात इतकं प्रेम! लिहिताना लाज वाटली, तरी लिहितो.

२१ डिसेंबर, रविवार
निधी आली होती. म्हणाली, अप्पा, आईंचे पाय बघितले का, केवढे सुजलेत? डॉक्टरकडं न्या. म्हटलं, नेणारच आहे. तिळगूळ झाला की लगेच. तोवर रुग्णाच्या हक्कांचं प्रकरण वाचून होईल, मग डॉक्टरसमोर ताठ मानेनं बसता येईल. निधी म्हणाली, हक्क राहू देत, मीच उद्या घेऊन जाते. महानंदा म्हणाली, ह्यांचं होऊ दे गं एकदा. सगळ्यांना सांगून बसलेत. मग आम्ही दोघं जाऊ.

बघा. साथ म्हणतात ती ही.

२७ डिसेंबर
देवीला जाऊन आलो. महानंदा कोपऱ्यावर बसली, फुलवालीच्या स्टुलावर बसली, पुन्हा पायरीवर बसली. जिथं बसली तिथं मी एकेक कलम समजावलं. ती मान हलवत होती, बोलत नव्हती. मन लावून ऐकणारा माणूस मध्ये बोलत नाही.

५ जानेवारी
अवरेकाई आणली, म्हणजे आपला पावटा. शेंगा सोलता सोलता अर्ध्यात टाकून बसली. ऐकण्यात रमली असणार. जेवलीही नाही. संक्रांतीच्या तिळात घालायचं खोबरं यंदा कापत नाही म्हणाली, विकतचं आणू.

माझं अजून पहिलंच प्रकरण. पाया पक्का पाहिजे म्हणून व्याख्या पुन्हा पुन्हा वाचल्या. उद्यापासून वेग. रुग्णाच्या हक्कांवर तर दोन दिवसांत येतो.

त्रिविक्रम भेटला. म्हणाला, काय दत्ता, झालं का पारायण? म्हटलं, आलंय शेवटाला.

११ जानेवारी
पहाटे महानंदाला श्वास मिळेना. शंतनु पार तिकडं येलहंक्याहून निघाला, ट्रॅफिकमध्ये अडकला. शिवाप्पा धावत जाऊन ऑटो घेऊन आला. पुढं बसून रस्ताभर ड्रायव्हरला म्हणत होता, बेग होगी, बेग होगी. लवकर चला. महानंदा माझा दंड धरून बसली होती.

हॉस्पिटलात कागद पुढं आले. सही कुठं करू, एवढंच विचारलं.

डॉक्टरीणबाई आपल्या निधीएवढी. तिनं विचारलं, या आडव्या कधीपासून झोपत नाहीत? म्हटलं, नाही, ती माझं वाचन ऐकत बसायची. बाईनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, अण्णा, हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी भरलंय. म्हणून झोपता येत नव्हतं त्यांना.

जरा वेळ आत सोडलं. मास्क बाजूला करून महानंदानं विचारलं, हक्कांचं आलं का हो? म्हटलं, आलं. सगळे हक्क आहेत तुला.

१३ जानेवारी
महानंदा गेली. काल सकाळी.

२२ जानेवारी
त्रिविक्रम घरी आला. समारंभ झाला म्हणाला, पण दत्ता, तुझ्या जागी कुणी बोललं नाही. तिळगूळ आणला होता, खिशातच ठेवला. जाताना दारात म्हणाला, सरकारनं हरकतींची मुदत वाढवली रे. लोकांना वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून.

मग तोच रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं.

हॉस्पिटलानं महानंदाचं सामान पिशवीत घालून दिलं होतं. आज उघडलं. माझ्याच चपला निघाल्या.

८ फेब्रुवारी
तब्येती. शंतनुची मान तशीच. निधी बरी, दर रविवारी येते, भाजी करून ठेवते, आईंचं नाव निघालं की आत जाते. निहारला नवा दात. त्रिविक्रम आता वाद घालत नाही, त्यामुळं पार्कात करमत नाही. मी बरा. खुर्चीतच झोपतो हल्ली. उशा तुझ्याच आहेत.

महानंदा, तुझी तब्येत कशी आहे? आधीच विचारायला हवं होतं. धाप कमी झाली का? पाठ टेकता येते का आता? पायांची सूज उतरली असेल, तर तुझ्या जुन्या चपला इथंच दाराशी आहेत. निधी आवरायला बघत होती, मी हात लावू दिला नाही.

विधेयक शिवाप्पाला देऊन टाकलं. कोरी बाजू वापर म्हटलं. त्यानं निहारएवढ्या मुलांचं कन्नड अक्षरांचं पुस्तक दिलंय. म्हणाला, अण्णा, स्वल्प स्वल्प. रोज एकेक गिरवतो. गोल येत नाही. पण तुझं नाव आता अक्षरं लावून वाचता येतं.

तेव्हा कन्नडमध्येच लिही. जोडाक्षरं टाळ, मोठ्ठं काढ, दोनच ओळी लिही. मी बोट ठेवून वाचेन. दुसरं काही वाचायला घेतलेलं नाही.

उत्तर लवकर पाठव.