डावा कान

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. स्थळासाठी फोटो हवा म्हणून आई आज मला मारतहळ्ळीच्या स्टुडिओत घेऊन गेली. "केस मोकळे सोड, तो डावा कान झाकला जाईल."

रग्बी लीगमध्ये मी फॉरवर्ड आहे. चेंडू छातीशी धरून समोरच्या रांगेत घुसायचं, नाहीतर घुसणारीला खांद्याने आडवं करायचं. याचाच मला पगार मिळतो. यातच डावा कान चेचून चेचून फुलकोबीसारखा झाला. आईची मोत्याची कुडी त्यात बसत नाही, हे तिचं खरं दुःख. डॉक्टर म्हणाले, कान नीट करता येईल, पण खेळत राहिलात तर पुन्हा तसाच होणार.

आणि उद्या सकाळी क्लबच्या नव्या करारावर सही करायची आहे. "सही थोडी लांबव की गं," आई वाटेत म्हणाली. तिशी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, ते काय मला कळत नाही? पण घरी बसून सुंदर कानाचं करू काय?

कानडी फोटोग्राफर अण्णा म्हणाले, "मॅडम, स्वल्प मान वळवा, कान दिसतोय."

मी केस मागे बांधले आणि मान वळवली, पण उलट्या बाजूला. डावा कान थेट कॅमेऱ्यासमोर. "सरी, ठीक आहे, आता काढा," मी म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला.

स्थळाला पाठवायचा तर हाच फोटो पाठव म्हणावं. उद्या करारावरही एक फोटो चिकटवायचा आहे. तिथेही हाच लावणार.