दादाचे जाहीर आभार

१ डिसेंबर १९५५, गुरुवार

अग्रलेख उरकून दादाकडे गेलो. कुसुमच्या नर्सिंगसाठी कर्ज मागायला. मुंबईच्या हॉस्पिटलात नाव लागलंय तिचं, तीन वर्षं. डिपॉझिट, गणवेश, बूट, पुस्तकं, सेकंदकाट्याचं घड्याळ.

दादा देणार. चारशे. व्याजासकट पाच वर्षांत फेड. न जमल्यास कुसुमच्या बापाच्या, म्हणजे आमच्या मधल्या अण्णाच्या, हिश्श्याची हापूस कलमं दादाची. शिवाय तिकडे आपलं आडनाव लावायचं नाही. "परक्या पुरुषांची अंथरुणं आवरणार ती. माझ्या नलूला पुण्याचं स्थळ आलंय."

अण्णा गेल्यापासून त्याच कलमांचा आंबा दादा विकतोय. वहिनींना मोसमात दोन पेट्या, थोडा तांदूळ आणि वर्षभर उपकार. म्हणजे पोरीला तिच्याच बापाचे पैसे, व्याजाने.

मी चहा संपवला. चांगला होता.

४ डिसेंबर, रविवार

वहिनींकडे. कुसुम पाटी घेऊन हिशेबाला बसलेली. एका बाजूला मालगुंडच्या शाळेतली नोकरी, पगार लगेच, कर्ज नाही. दुसऱ्या बाजूला तीन वर्षं नुसता हातखर्च, डोक्यावर कर्ज. मग पगार मास्तरणीच्या जवळजवळ दुप्पट, राहणं-जेवण हॉस्पिटलचं.

वहिनी : "शाळाच बरी नाही का हो, भावोजी? डोळ्यांसमोर तरी राहील."

कु. : "शाळेत चिकटले की आपण दोघी जन्मभर त्या दोन पेट्यांची वाट बघणार, आई. नर्स झाले तर कर्ज फेडून मोठ्या काकांना विचारता येईल, इतक्या वर्षांचा आंबा कुठे गेला म्हणून."

मी विचारलं, "आणि फेडीच्या दोन वर्षांत आजारी पडलीस तर?"

पाटी पुसली तिने. मी निघताना म्हणाली, "काका, घ्या ते पैसे."

८ डिसेंबर, गुरुवार

सह्या झाल्या. वहिनींना पडवीत उभं ठेवलं. पाटसुद्धा नाही. आत आंब्याचा दलाल बसलेला, त्याला चहा. अण्णाच्या बायकोला विचारलंही नाही. कर्जाचा कागद दादाने दलालासमोर मोठ्याने वाचला, सगळ्या अटींसकट. वहिनींनी पदर ओढून घेतला आणि सही केली. सही वाकडी आली म्हणून दादा हसला.

बाजारातून परतताना सुचलं. आमच्या साप्ताहिकात आभाराची चौकट फुकट असते. बारसं, मुंज, ऑपरेशन, कोणी मदत केली की नावागावानिशी आभार. लोक माझ्या अग्रलेखाआधी तीच वाचतात. आजवर जगासाठी लिहिल्या, आज घरासाठी लिहिली. एक शब्द खोटा नाही.

१० डिसेंबर, शनिवार

अंक बाहेर. दुसऱ्या पानावर, वरच :

"आमची पुतणी परिचारिका होण्यासाठी मुंबईस जात आहे. तिचे थोरले काका यांनी तीस उदार हस्ते द्रव्यसाहाय्य केले. जुने ग्रह बाजूस सारणाऱ्या या थोर मनाचे जाहीर आभार."

दोघांची नावं पूर्ण. आडनाव, गाव, वाडी. खिळे जुळवताना आमच्या छापखान्यातल्या इब्राहिमने विचारलं होतं, "साहेब, 'थोर' जाड टायपात घेऊ?"

"घे."

१२ डिसेंबर, सोमवार

दादाच्या अंगणात लोक. हातखंब्याचा एकजण मुलीला घेऊनच आला. "थोर मन तुमचं, आमच्या पोरीलाही लावा मार्गाला." दादाने म्हणे काठी उचलली. माणूस समजला, आशीर्वाद देताहेत. मुलीला म्हणाला, पाया पड गो.

इब्राहिमने हे सांगितलं तेव्हा हसून हसून ठसका लागला. कित्येक वर्षांत असं हसलो नव्हतो.

दुपारी कु. आली. हसली नाही.

"माझं नाव छापायला मला विचारलंत?"

"खोटं काय आहे त्यात?"

"ते नाही विचारलं मी. माझ्यासाठी छापलंत की त्यांच्यासाठी?"

मी प्रुफं ओढून घेतली. ती उभीच.

"नलूने काय केलं होतं तुमचं?"

१९ डिसेंबर, सोमवार

पुण्याहून दादाला पत्र. पत्रिका जुळत नाही. गेल्या महिन्यात जुळली होती.

नलूचं वाईट वाटलं. पोर गुणी आहे, मला बघितलं की धावत येऊन आवळासुपारी देते. दादाचं वाईट वाटतंय का, म्हणून बराच वेळ शोधलं. नाही.

२२ डिसेंबर, गुरुवार

दादा छापखान्यात. वहाणांसकट आत.

"काय रे, शाई पिऊन माजलास काय? खुलासा छाप."

माझ्याच टेबलावर बसून लिहिला. "सदर मुलीस नर्सिंगकरिता मी एक पैसाही दिलेला नाही व देणार नाही. तिचा माझा कसलाही संबंध नाही." खाली सही, तारीख.

मी वाचला. पुन्हा वाचला. आवाज सांभाळून विचारलं, "काही बदलायचंय, दादा?"

"एक अक्षर इकडचं तिकडे केलंस तर याद राख."

गेला. एक पैसाही दिला नाही म्हणतो, स्वतःच्या हाताने, सहीनिशी. मग कर्ज कसलं? कलमं कशापोटी घेणार? शेजारच्या वकिलांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "हे छापलंत की तो कर्जाचा कागद कुठल्या तोंडाने पुढे करणार? चार अंक माझ्यासाठी ठेवा."

दादाच्या हातचं इतकं गोड काही आजवर मिळालं नव्हतं. इब्राहिमला म्हटलं, जुळव. जसंच्या तसं.

२३ डिसेंबर, शुक्रवार

कु. आली होती. परवा तिची मुंबईची बोट.

खुलासा वाचून : "म्हणजे आईची कलमं सुटली."

"सुटली."

"आणि मी पैसे घेतलेच नाहीत."

"असं तो म्हणतोय. तू फक्त गप्प राहायचंस."

"घेतलेत हो मी. हे बघा, बूट पायांत आहेत." मग म्हणाली, "त्यांना वाचून दाखवा. याने काय होतं ते सांगा. तरी छाप म्हणाले तर छापा, मग मीही मान वर करून म्हणेन, घेतले नाहीत."

"सांगितलं तर फाडेल तो."

"फाडू देत."

"आणि तुझ्या आईला पडवीत उभं केलं ते?"

ती वाकली. बुटाची नाडी सोडून बांधत राहिली. "आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही ठरवा, काका. पण धक्क्यावर याल तेव्हा मी विचारणार, काय केलंत म्हणून."

गेली.

दादा आता झोपून उठला असेल. चहा घेऊन देवळात जाईल, त्याआधी गाठला तर घरी भेटेल. तिथे जाऊन त्याला समजावून सांगायचं, बाबा रे, तू स्वतःचा गळा कापतोयस. मी सांगायचं. त्याच पडवीत उभं राहून.

पान बांधून तयार आहे. इब्राहिम दोनदा विचारून गेला, यंत्र लावू का. थांब म्हटलं.

खुलाशाचा कागद खिशात घेतलाय. हे लिहून झालं की उठतो. इब्राहिमला मात्र सांगून ठेवलंय, ती खुलाशाची चौकट सोडवू नको, खिळे तसेच राहू देत.