चालू मशीनला नमस्कार

मैलूर, बीदर. मंगळवार, दिवेलागण

अप्पा दुपारी दुकानातून उठून गेले, ते परत आलेच न्हाईत. चहालासुद्धा न्हाई.

लग्नपत्रिकांचं त्यांचं सगळं काम जुन्या विंडोजवर. मराठी-कन्नडचे त्यांचे फॉन्ट तिथंच चालतात. म्हणून मी नव्या कॉम्प्युटरवर नवं आणि जुनं, दोन्ही टाकलं. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर विचारतं, कुठलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात सांगितलं न्हाई तर आपलं आपण नवं उघडतं.

आणि अप्पा बटण दाबून हात जोडतात, डोळे मिटतात. छापखान्यापासूनची सवय. डोळे उघडेपर्यंत समोर नवं आलेलं. आज परत तेच झालं.

"आधी हात जोडा, मग बटण दाबा की," मी म्हणले. जरा तोडूनच म्हणले असेन.

"बंद मशीनला कोण हात जोडतंय?" एवढंच बोलून त्यांनी चपला घातल्या.

मला तेव्हाच कामून सुचलं न्हाई? त्यांची सवय मोडायची, का माझी सेटिंग? आत्ता जुनं पुढं केलं, काही न सांगता आपलं आपण तेच उघडंल. नवं पाहिजे असंल तर मीच घाई करीन.

बरोबर झालं का बघायला मशीन चालू केली आणि अप्पांसारखेच हात जोडून डोळे मिटले. मनात काय म्हणायचं असतं, ते त्यांना कधी विचारलंच न्हाई. अप्पांना उद्या दुकानात येऊ दे, एवढंच म्हणले.

डोळे उघडले तर जुनं आलं होतं. अप्पा यायचे राहिलेत.