दारातून निघताना बोललेलं

पाइन फोर्क, केंटकी
११ मे

रोवीनाबाई, आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. घेवडा लावून झाला. तुझ्या मामाने छपराचा पत्रा उलटा ठोकला, शिव्या खाल्ल्या, मग सुलटा ठोकला. इकडे एवढंच.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सोसून घे.

शिष्यवृत्ती त्या दुसऱ्या मुलाला गेली, ते तुला कळलंच. एकाच मताच्या फरकाने गेली, ते कळलं नसेल. दोन वर्षं विद्यापीठात शिकायचं आणि परत येऊन आपल्याच शाळांत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचं, याला तुझ्याइतकं लायक कोणी नव्हतं. बसचा थांबा हलवला तेव्हा तू आपल्या वर्गातल्या सातवीच्या पोरांना शिक्षण मंडळासमोर बोलायला उभं केलंस आणि थांबा परत आणलास. शिष्यवृत्तीच्या समितीत सगळ्यांनी ते वाचलं होतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली म्हणून समितीत मलाही घेतलं होतं. नात्यातलं कोणी आलं की बाहेर जायचं, असा नियम. तुझं नाव आलं, मी उठले. अध्यक्ष म्हणजे शहरातल्या प्राध्यापक बाई. त्यांनी सहज विचारलं, जाता जाता काही सांगायचंय का.

मी म्हणाले, "तिच्यात काही विशेष नाही. हट्टी आहे, आणि बोलते फार."

आपल्या डोंगरात चारचौघांत घरच्यांचं कौतुक कोण करतं? समितीतला होबर्ट न्हावी गालात हसला. बाईंनी मात्र ते लिहून घेतलं. रविवारी चर्चबाहेर होबर्टने मला गाठलं.

"ओपल, बाई म्हणाल्या, सख्खी आजीच असं म्हणते तर विचार करायला हवा. मी सांगितलं, आमच्याकडे असंच बोलतात. त्यांना पटेना."

आमची रीतच तशी, म्हणून मी सुटले असते. पण दारात उभी असताना तू जाशील हेच डोक्यात होतं. तुझी आईही दोनच वर्षांसाठी गेली होती. होबर्टने थट्टा ऐकली. बाईंनी कदाचित माझ्या मनातलं खरं तेच ऐकलं.

त्यांना पत्र घातलं. निकाल बदलत नाही, असं उत्तर आलं. समिती मी सोडली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, मध्ये मी नसेन.

तू उत्तम शिकवतेस. हे लिहायला मला चार दिवस लागले. बोलायला तेव्हा एक क्षण पुरला असता.

राग धर, तुझा हक्कच आहे. पण शिकवणं सोडू नकोस.

तुला तोंडावर कधी शाबास न म्हटलेली,
तुझी आजी
ओपल